रंगुबाईची वाघर

आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या रंगुबाईला म्हातारी म्हटलेलं खपत नाही. पंचावन्नाव्या वर्षी एडक्यानं दोरीला हिसडा दिला आणि तिचा खांदा निखळला. सांगलीच्या डॉक्टर साक्षीबाईंनी सांधा बसवून हात झोळीत अडकवला. रंगुबाईनं वरनं घोंगड्याची पट्टी आवळली, झोळी सुटल्यावर सांगितलेले व्यायाम केले. खांदा पुन्हा निखळला नाही. "कातडीला सुरी लागली न्हाई," हे ती बाजारभर सांगत फिरली.

म्हणून वीस वर्षांच्या लेकीचा, राणीचा, उजवा खांदा कबड्डीत निखळला तेव्हा तिनं तीच पट्टी काढली. सांधा डॉक्टरांनीच बसवला. पुढच्या तपासणीला मात्र रंगुबाईनं पोरीला जाऊ दिलं नाही. "माजा ऱ्हायला, तुजाबी ऱ्हाईल."

राहिला नाही. आधी गोळाफेकीच्या सरावात निखळला, मग नुसती ओढणी घेताना. आणि पोलीस भरतीला वर्ष उरलेलं.

"ऑपरेशन करू," डॉक्टर म्हणाल्या.

"एका घरातलं दोन खांदं, अन् इलाज दोन?" रंगुबाई अडून बसली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. "मावशी, खोबणीची कड फाटलीय. तुमच्या वयात खांदा सहसा पुन्हा निखळत नाही, व्यायामावर भागलं. हिचं वय कोवळं, त्यात कबड्डी. व्यायामानं बळ येईल, पण फाटलेलं शिवल्याशिवाय भरवसा नाही."

रंगुबाई चित्राकडं बघत राहिली. मेंढरांभोवती उभं करायचं जाळं, ती वाघर, तिनं जन्मभर सांधलेली.

"म्हंजी वाघर फाटलीया. म्हातारी मेंढी फाटक्या वाघरीत बी गप बसती. कोकरू भोकातनंच उडी मारतंय."

"अगदी तसंच."

"मग शिवा. पर टाका बारीक घाला."

"आये, डॉक्टरला शिकवती व्हय?" राणी म्हणाली.

"चाळीस वर्सं शिवतीया मी."

ऑपरेशननंतरही झोळी आलीच, महिनोन् महिने व्यायाम आले. या खेपेला रंगुबाईनं तपासणीची एक तारीख चुकू दिली नाही.

भरतीच्या दिवशी ती मैदानाच्या जाळीला चिकटून उभी होती. राणीनं गोळा फेकला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठवर गेला वं?"

"गोळा कोन बघतंय? खांदा जाग्यावर हाय."

राणी आता वर्दीत असते. बाजारात कुणी रंगुबाईला विचारतं, ऑपरेशन बरं का झोळी बरी? ती पाठीचा कणा ताठ करते.

"खांदा कुनाचा, त्ये सांग आदी."