चिमणाबाईची म्हैस

नेसरीत बाजाराच्या रस्त्याला जनावरांचा एक खासगी दवाखाना आहे. तिथं संयोगिता औषधं सांभाळायची आणि जोतीराम जनावरं. संयोगिता इतकी जपून वागणारी, की साधी सुई भरायची तरी आधी हात धुणार, मग हातमोजे घालणार, नंतर पुन्हा हात धुणार. जोतीराम तालमीतला गडी. खोंड उधळला तर शिंगं धरून त्याला जाग्यावर उभा करायचा आणि त्याच हातानं वडा खायचा. तिला बघवायचं नाही. तो तिला मुद्दाम 'डॉक्टरीणबाई' म्हणायचा. तरी संध्याकाळी शटर ओढायला ती त्याचीच वाट बघायची, आणि बाजारातून येताना तो न चुकता तिच्यासाठी भाजक्या शेंगा आणायचा. त्यापुढं दोघंही कधी बोलले नव्हते.

दसऱ्याच्या आसपास जवळच्या वाडीतल्या चिमणाबाईचा फोन आला. म्हैस कालपासून खात नव्हती, नुसती लाळ गळत होती. डॉक्टर परगावी होते, म्हणून जोतीरामच्या मोटरसायकलवरून हे दोघंच निघाले.

गोठा दिसायच्या आधीच संयोगिताला तो आवाज ऐकू आला. ते हंबरणं नव्हतं. घोगऱ्या, फाटक्या गळ्यानं म्हैस थांबून थांबून ओरडत होती. डोळे तांबारलेले. पुढ्यातल्या बादलीत ती तोंड घालायची, पण घोट आत जात नव्हता.

"घशात कणीस अडकलंय बगा," चिमणाबाई म्हणाली.

"आधी हातमोजे घाला," संयोगिता जोतीरामला म्हणाली. "नाहीतर डॉक्टरांना फोन करू."

"अवो, कणीस काढायला डॉक्टर लागतोय व्हय?" त्यानं जबडा उघडला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बराच वेळ चाचपलं. घशात काहीच नव्हतं. हात बाहेर आला तो लाळेनं माखलेला, आणि मनगटावर आदल्या दिवशी उसाच्या पाल्यानं कापलेल्या ताज्या रेघा.

संयोगितानं त्या रेघा बघितल्या. "चिमणाबाई, हिला कधी कुत्रं चावलं होतं का?"

म्हातारीनं जरा आठवलं. "आखाडात, बेंदराच्या वक्ताला एक कुत्रं शिरलंतं गोठ्यात. नाकाडाला जरा वरबाडलंतं. म्या हळद लावली. बरं झालं की लगीच."

म्हैस ओरडतच होती.

संयोगितानं त्याला ओढत नळाखाली नेलं आणि साबण लावून हात चोळायला लागली, चोळतच राहिली. "बास की, कातडं निघंल," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "तुमी मोजं घातलं न्हाईसा." तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

तिथनंच ती त्याला गडहिंग्लजला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मनगटात सुया टोचल्या, दंडात टोचल्या. पुढची इंजेक्शनं एकही चुकवायची नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी म्हैस गेली.

म्हैस पिसाळली होती आणि तिची लाळ जोतीरामच्या जखमेत गेली, ही बातमी गावात फिरली. चहावाला जोतीरामला कागदी कपात चहा द्यायला लागला. तालमीत त्याच्याशी कुणी जोड धरेना. तो मात्र आणखीच मोठ्यानं हसायचा. पुढच्या इंजेक्शनाला म्हणाला, "एकानं भागतंय की." संयोगिता थेट त्याच्या घरी गेली, त्याच्या आईला, धोंडुबाईला सगळं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर गेली. परतीच्या वाटेवर तो काहीबाही बोलायचा आणि ती त्याच्या आवाजाकडं कान लावून बसायची. घोगरा झालाय का? कामावर तो चहा प्यायला लागला, की तिची नजर त्याच्या गळ्यावर जायची.

सगळी इंजेक्शनं संपली. दिवाळीनंतर एक दिवस तो कामावर आला नाही. फोन उचलेना. संयोगिता धावतच त्याच्या घरी पोचली. धोंडुबाई रानात गेली होती. जोतीराम घरामागच्या परड्यात बसला होता, अंगात ताप, पुढं पाण्यानं भरलेला तांब्या.

"घसा धरलाय," तो म्हणाला. "सकाळधरनं ह्या तांब्याकडं बघतोय. उचलायचं धाडसच हुईना. गिळलं न्हाई म्हंजे?"

खोंडाची शिंगं धरणारे ते हात मांडीवर नुसते पडून होते. तो रोजच भीत होता, पहिल्या दिवसापासून. मोठ्यानं हसत होता तो त्यापायीच.

संयोगिता त्याच्या शेजारी बसली. तिनं तांब्या उचलला, स्वतः दोन घोट घेतले आणि त्याच्या हातात दिला. "आता तू पी."

त्यानं डोळे मिटून तांब्या तोंडाला लावला. ठसका लागला. मग घोट खाली उतरला, दुसरा उतरला, आणि त्यानं तांब्या रिकामा केला. साधी सर्दी होती. ती तिथंच रडायला लागली.

"तुझ्यासंगं लगीन करायचंय, पर वरीसभर थांबूया," तो म्हणाला. "मला काय झालं तर तुझं कसं?"

"म्हणजे वर्षभर मी लांबून तुझ्या गळ्याकडं बघत बसू व्हय?"

तिच्या वडिलांना, आण्णांना हे पटलं नाही. "पोरी, उद्या काय झालं म्हंजे?"

"तर उद्या मी त्याच्याजवळ असेन," ती म्हणाली. आण्णा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी माघात त्यांनीच मांडव घातला.

लग्नानंतर दोघं जोतिबाच्या डोंगरावर गेले. देवळासमोर कुणीतरी मूठभर गुलाल उधळला आणि तो जोतीरामच्या घशात गेला. तो वाकून खोकायला लागला. भोवती 'चांगभलं'चा गजर चालला होता, पण संयोगिताला त्या खोकल्याखेरीज काहीच ऐकू येईना. तो सरळ झाला, गुलालानं माखलेल्या तोंडानं हसला आणि गर्दीतून वाट काढायला त्यानं तिचा हात धरला. त्याचा तळवा गार पडला होता. तिनं तो घट्ट धरला आणि दोघं रांगेत पुढं सरकले.