निरोगी असल्याचा दाखला

"पहिले खोड सांगस, मंग नाव," असं म्हणत आबा घोडीच्या पाठीवर थाप मारायचे.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडे विकणारे तुम्ही पाहिले असतील. जनावराच्या ज्या पायाला सूज, त्या बाजूला ते स्वतः उभे राहतात. आबा गिऱ्हाइकाला ओढून त्याच पायापाशी न्यायचे. "डावा पायले हात लावू देत नही. पाणी देखीसन बिचकस." एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "आबा, तू घोडी इकी ऱ्हायना का तिन्ही चुगली करी ऱ्हायना?" आबा सगळ्यांबरोबर हसले आणि तिसरी खोड सांगितली.

हद्दीजवळच्या खापर गावात ते आमच्या शेजारी एकटे राहायचे. विकायचे घोडे येत-जात, पण मोरणी ही पांढरी घोडी त्यांची स्वतःची. लग्नात नवरदेवासाठी तिला न्यायचे, आमच्याकडे आणि हद्दीपलीकडे गुजरातेतही. पूर्वी दोरी धरून चालत जायचे, कोणी विचारत नसे. मग घोड्यांच्या रोगाचं निघालं. रक्त तपासायचं, डॉक्टरांचा दाखला घ्यायचा, त्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. आबांना अक्षर येत नव्हतं. फॉर्म मी भरायचे, मी चौथी शिकलेली.

'ओळखीच्या खुणा' असा एक रकाना असतो, बोटभर रुंद. आबा सांगत सुटायचे. कपाळावरची भोवरी, मागच्या खुरावरची काळी रेघ, कानाची चीर. "आनि लिख माय, ढोल वाजना की डोया मिटस."

"आबा, हाई खूण नही. हाई सवय शे."

"मंग त्या तिले वळखतीन कसा?"

मी लिहिलं. बारीक अक्षरात, रकान्याच्या बाहेर. डॉक्टर हसले, पण खोडलं नाही.

त्या वर्षी लग्नासाठी दाखला काढून आठच दिवस झाले होते आणि मोरणीचं पोट धरलं. सकाळी ती सारखी मान वळवून पोटाकडे बघत होती, लोळत होती. आमच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि सांगितलं, आतडं अडकलंय, हे इथे होणार नाही, गुजरातेतल्या मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. तशी चिठ्ठीही दिली. टेम्पो आमचाच. आमचे हे चालवायला, मी कागद वाचायला, आबा मागे घोडीजवळ.

निघताना ह्यांनी आबांना दोनदा बजावलं, "हद्दीना नाक्यावर लगनले जाई ऱ्हायनूत सांगजा. दुसरं काही बोलू नका." आबांनी मान हलवली.

नाक्यावरच्या साहेबाने दाखला बघितला. सगळं बरोबर होतं. त्याने सहज विचारलं, "कुठे नेताय?"

"दवाखानामा," आबा म्हणाले. "तिन्हं पोट दुखी ऱ्हायनं."

ह्यांनी कपाळावर हात मारला.

साहेबाने दाखला पुन्हा वाचला. "इथे तर निरोगी लिहिलंय."

"कागद कया तवय नीट व्हती, सायेब."

"म्हणजे आता हा दाखला चालणार नाही. निरोगी असल्याचा नवा दाखला आणा."

"नीट ऱ्हाती तं दवाखानामा काबर लई जातू?"

मागे उभे असलेले ट्रकवाले हसले. साहेबही हसला. मग त्याने टेम्पो बाजूला घ्यायला लावला.

मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. "ही चिठ्ठी आहे, दाखला नाही," तो म्हणाला. मी मागे सरले. मला माणसांपुढे बोलता येत नाही, कधीच आलं नाही. हे हात जोडत राहिले. साहेबाने वरच्या साहेबाला फोन केला, ते बैठकीत होते. साहेबाने चहा घेतला. परत फोन केला, परत चहा घेतला. सकाळचे दहा होते, दुपारचा एक वाजला. मोरणी आधी पाय आपटत होती, मग बसली, मग आडवी झाली. तिचं डोकं मांडीवर घेऊन आबा टेम्पोत बसले होते. दीडच्या सुमाराला त्यांनी तिच्या तोंडावरचा लगाम काढला, तेव्हा आम्हाला कळलं.

आता मात्र कागद लगेच निघाला. मेलेल्या जनावराचा पंचनामा करावा लागतो. नाक्यावरचा कारकून मला म्हणाला, "बाई, हा दाखल्याचा अर्ज तुम्ही भरलाय ना? अक्षर चांगलंय. लिहा तुम्हीच. मृत्यूचं कारण: प्रवासात आजारी पडून."

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात, रकान्याच्या आत.

आबा एरवी अंगठा द्यायच्या आधी सगळा कागद माझ्याकडून वाचून घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी वाचायला सांगितलं नाही. अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि परतीच्या वाटेवर मागे घोडीजवळच बसले. महिन्याभरात ते मोलगी गावी मुलीकडे राहायला गेले. जाताना किल्ली आमच्याकडे ठेवली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

साहेबाचा राग येतो, हसणाऱ्या ट्रकवाल्यांचा येतो, खोटं बोल म्हणणाऱ्या ह्यांचाही येतो. सगळ्यात जास्त त्या कागदाचा येतो, कारण तो माझ्या हातचा आहे. घोडी प्रवासात मेली नाही. ती आजारी होती, हे खरं सांगितलं, म्हणून तिला साडेतीन तास अडवून मारलं. एवढं लिहायला माझी चौथी पुरली असती.