आकडेवाल्या मॅडम

माझ्या शिक्षणाचं श्रेय एकाच माणसाला द्यायचं तर मी ब्रह्मपुरीच्या आमच्या आकडेवाल्या मॅडमचं नाव घेईन. मानसशास्त्राच्या बी.ए.ला त्या संख्याशास्त्र शिकवत. पण फळ्याजवळ फार थांबत नसत. ज्याला समजलं नाही, त्याच्या बाकावर जाऊन बसत आणि त्याच्याच वहीत गणित सोडवत. "सरक जरासा," एवढंच म्हणत.

मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एटापल्लीकडचा. घरात माडिया बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच.

दुसऱ्या वर्षी स्मरणाचा प्रयोग होता. शब्द ऐकायचे, मग आठवतील ते लिहायचे. वर्गात सगळ्यात कमी गुण माझे. आलेखावर माझा ठिपका एकटाच खाली पडलेला.

वर्गातला दिनेश म्हणाला, "मॅडम, याचा आकडा काढून टाका ना. सरासरी खराब करून राह्यला." सगळे हसले, मीही हसलो. पण मनात ठरवलं, आपलं डोकंच कमी आहे. उद्याच्या बसने घरी जायचं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आकडा दूर बसला म्हणून त्याले हाकलाचं नाई. त्याच्याजवळ जाऊन बसाचं," म्हणाल्या आणि माझ्या बाकावर येऊन बसल्या.

यादीत वृक्ष, नेत्र, पक्षी असे शब्द होते. मी झाड, डोळा, पाखरू असं लिहिलं होतं. तपासणाऱ्याने सगळं चूक दिलं होतं.

"शब्द आयकला का डोक्यात काय होते रे तुह्या?"

"आधी माडिया होते मॅडम. लिवताना मंग मराठी."

त्यांनी यादी आणि माझा कागद शेजारी ठेवून एकेक शब्द जुळवला. "म्हंजे अर्थ सारे आठोले याले. यादीच आपली कमी पडली."

"बाप्पा, याचं डोकं डबल ड्युटी करून राह्यलं," दिनेश म्हणाला.

गुण त्यांनी वाढवले नाहीत. "नियम मोडाचा नाई," म्हणाल्या. पण असं का घडलं, याची टीप अहवालाखाली माझ्याच हातून लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी एटापल्लीची बस सुटली तेव्हा मी वर्गात होतो.

मॅडम आता निवृत्त झाल्या. गेल्या आठवड्यात त्यांना पत्र टाकलं:

"मॅडम, नमस्कार. आमच्या गावांत स्मरणाचा अभ्यास सुरू केला आहे. या वेळी यादी माडियात आहे. काल एक आजी सगळं ऐकून घेऊन एकही शब्द बोलली नाही. सोबतचे म्हणतात, हा कागद काढून टाकू. मी ठेवला आहे. उद्या सकाळी तिच्या अंगणात जाऊन बसतो."