उन्हाकडची बाजू

लूकसनाना गेल्याची बातमी मला जळगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कळली. साक्रीच्या शाळेतले एक मास्तर गाडीतून उतरून माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "नाना गेले. बुधवारी माती दिली." मी केळ्यांच्या करंड्यांवर चिठ्ठ्या डकवत होतो. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रडू आलं नाही, राग आला. शनिवारी मी त्यांच्याकडे साक्रीला जाणार होतो. रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत दगडूवरचा ठराव मला वाचायचा होता आणि तो कसा वाचायचा, हे विचारावं असं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नव्हतं... आणि नाना खुशाल निघून गेले होते!

दगडू आमच्या मंडळीतला, नशिराबादचा, कापसाच्या जिनातला हमाल. पोरीचा ताप उतरेना म्हणून त्यानं भगताकडून गंडा आणून तिच्या दंडाला बांधला. गंडा सोडायला तो तयार नव्हता आणि पोर अजून अंथरुणावरच होती. आमच्यात अशा माणसाला शिस्तीखाली ठेवतात, म्हणजे त्यानं उपासनेला यायचं, पण आत नाही. बाहेर व्हरांड्यात बसायचं आणि प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. आम्हा पंचांच्या बैठकीत मी दगडूची बाजू जीव तोडून मांडली. बाकीच्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, नाताळपर्यंतची शिक्षा ठरवली आणि वयानं मोठा म्हणून वाचायला मलाच उभं केलं. पंचपद सोडावं, तर दगडूच्या बाजूनं बोलणारं कुणी उरत नव्हतं. न सोडावं, तर त्याला बाहेर काढणारं तोंड माझंच. मी पुरता कात्रीत सापडलो होतो.

नाना असल्या कात्रीत जन्मभर राहिले. ते आमचे जुने पाळक, मंडळीचे धर्मगुरू. ठेंगणे, तापट, गाताना हमखास सूर सोडणारे. चांगला पुढारी कसा असावा हे सांगताना आमच्यात प्रभूनं शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट सांगतात. नानांनी कुणाचे पाय धुतलेले मला आठवत नाहीत. स्वतःचेच ते घाईत धुवायचे. मला आठवतं ते वेगळंच.

पहूरला माझे वडील वारले तेव्हा मला बाप्तिस्मा घेऊन काही वर्षं झाली होती. मी एकुलता एक. अग्नी द्यायला गेलो तर मंडळी सोडणार नाही आणि न जावं तर बापाच्या चितेशी मुलगा नाही. मी नानांकडे गेलो. ते भाकरी खात होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"तुना बाप शे तो," ते म्हणाले. "जाय."

मी गेलो. डोक्याचा गोटा केला, अग्नी दिला. नदीवरून परतताना चुलते हळूच म्हणाले, "एकनाथ, तुनं केलं ते चांगलं केलं. पण आता जेवाले थांबू नको." बापाच्या घरी मला पाणीसुद्धा ओसरीवरच मिळालं. इकडे रविवारी पंचांचा ठराव नानांनी स्वतः वाचला. सहा महिने शिस्तीखाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी उठलो आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. तिथली ओसरी आणि इथला व्हरांडा, एवढंच जग मला उरलं होतं. जाणार कुठं?

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. नानांनी सगळ्यांना भाकर दिली, प्याला दिला. स्वतः घेतलं नाही. ताटावर फडकं टाकलं आणि झगा सावरत बाहेर आले. "सरक रे भाऊ, मले बी बसू दे." लिंबाची सावली त्या बाकाच्या अर्ध्याच भागावर पडायची. नाना उन्हाकडच्या बाजूला बसले.

मी भडकलो. "तुम्हीच जा म्हणालात, तुम्हीच बाहेर काढलंत. आता हे सोंग कशाला?"

"सोंग नही रे. मीच तुले जाय सांगं ना? मंग हाई शिक्षा बी दोन्हीसनी शे."

सहा महिने हेच चाललं. उपदेश आत, आणि मग टक्कल पुसत माझ्याशेजारी. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी दोनदा समज दिली, की जो पाळक स्वतः भाकर घेत नाही त्यानं लोकांना देऊ नये. नाना खाली मान घालून ऐकायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा बाहेर यायचे. त्यांनी नियम मोडला नाही, वाकवलाही नाही. फक्त मला त्याच्याखाली एकट्याला राहू दिलं नाही. माझी मुदत संपली आणि नानांची साक्रीकडच्या डोंगरी गावांत बदली झाली. ती शेवटपर्यंत फिरली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी साक्रीला गेलो होतो. नाना फार थकले होते. मी विचारलं, "नाना, एवढा जाच सोसलात. सोडून का नाही दिलंत?" ते माझ्याकडे जरा चिडूनच बघत राहिले. "सोडीसन कथा जाऊ? आठे बठ्ठा मना लोके शेतस." इथं सगळी माझीच माणसं, सोडून जाऊ कुठं, हा काही अभिमान नव्हता... दार नसलेल्या खोलीत राहायची सवय झालेल्या माणसाचा तो आवाज होता. तीच आमची शेवटची भेट.

रविवारी मी ठराव वाचला. आवाज हलला, नानांसारखा मला जमला नाही. दगडू उठून बाहेर गेला. मग भाकरीचं ताट पंचांच्या रांगेत आलं, माझ्या हातात आलं. मी ते तसंच पुढे दिलं. नवे पाळक वेदीपाशी थबकले. मी उठलो आणि सगळ्यांच्या देखत दाराबाहेर पडलो.

व्हरांड्यात तेच बाक आहे. दगडू सावलीत बसला होता. मला बघून धडपडत उठला आणि ती जागा मला देऊ लागला.

"तू तिथंच बस," मी म्हटलं आणि दुसऱ्या टोकाला बसलो. फळी चांगलीच तापली होती. नाना ती सहा महिने कशी सोसत होते कोण जाणे.

आत गीत सुरू झालं. दगडूनं खालच्या आवाजात विचारलं, "भाऊ, तुमाले कवापर्यंत?"

"तुझी मुदत संपेपर्यंत," मी म्हटलं. "पोरीचा ताप कसा आहे ते सांग."