रातकिड्याची आई

सातव्या महिन्यात सासूबाईंनी मला शहराबाहेर राऊला एका गर्भसंस्कार वर्गात घातलं. हॉलभर उदबत्तीचा धूर, भिंतींवर कुणाच्या तरी गुबगुबीत बाळांचे फोटो आणि शेवटी प्रमाणपत्र. जन्माआधीच उत्तीर्ण. वर्गाच्या बाई सांगत, आईनं वाईट ऐकायचं नाही, बघायचं नाही. सगळं बाळापर्यंत पोचतं.

माझे वडील प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, सराफा बाजारामागे राहायचे. हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आपल्या घराण्यात आजवर सगळे विनासंस्कार जन्मले. तरीच."

मग म्हणाले, "पण बाई अगदीच खोटं नाही सांगत. अंडी पोटात असताना रातकिड्याच्या मादीला सारखा कोळी दिसत राहिला, तर तिची पिल्लं कोळी न बघताच दबकून राहतात. ती त्यांना शिकवायला थांबत नाही. अंडी घालते आणि जाते. भीती तेवढी देऊन जाते."

आठव्या महिन्यात माझा रक्तदाब चढला. डॉक्टरांनी पलंग सोडायचा नाही म्हणून बजावलं. संध्याकाळी देवाजवळ बसून दिवा लावायचा, एवढीच सूट मी मिळवली होती. त्याच सुमारास बाबांचा खोकला वाढला. आई फोनवर म्हणाली, "इन्फेक्शन आहे, तुझ्याकडे यायचं नाही म्हटलंय त्यांना." ते मग रोज सकाळी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे. सुरुवात पोटातल्या बाळाशी, दोस्ताला हाक मारावी तशी: "काय भिया, रात्री लाथा मारल्या का आईला?" आणि पुढे एखाद्या किड्याची गोष्ट.

एका संध्याकाळी मी उठू लागले तर सासूबाई म्हणाल्या, "रहने दे बेटा, मी लावते." दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळची पूजा कधी न चुकवणारा नवरा पेपर उघडून बसलेला. "लेट झालं यार," म्हणाला, आणि पान काही उलटेना. तिसऱ्या दिवशीही पूजा सासूबाईंनीच केली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला डोक्यावरून आंघोळ घातली आणि संध्याकाळी काडेपेटी हातात दिली. "लाव आता."

सासूबाई माझ्याशी खोटं बोलू शकत होत्या, देवाशी नाही. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस. आईशी तर मी दुपारीच फोनवर बोलले होते.

मी दिवा लावला. कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. "काय भिया." त्या दिवशी कुंभारीण माशी होती. मातीचं घर बांधते, त्यात अंडं घालते, बेशुद्ध केलेल्या अळ्या ठासून भरते, दार लिंपते आणि निघून जाते. पिल्लाचं तोंड काही बघत नाही. पुढे खोकला, दवाखान्यातल्या ढकलगाडीच्या चाकांची करकर, आणि मग कुणाला तरी सांगणारा बाबांचा आवाज: "हे झालं. उरलेली रोज एकेक पाठव. ती मोकळी होईपर्यंत तिला कळता कामा नये. रातकिडा लक्षात आहे ना?"

आईनं ते पाठवण्याआधी ऐकलं नसावं. ऐकवलं नसेल.

त्यानंतर रोज सकाळी मी एकेक ऐकत गेले. रडले नाही. बाळंतपणात जे रडले, ते सगळ्यांनी कळांच्या खाती टाकलं. आई उशाशी होती, कपाळावर टिकली लावून. बाळाचा आवाज आल्यावर तिनं टिकली काढली, पलंगाच्या दांडीला चिकटवली आणि म्हणाली, "तुला एक सांगायचंय."

"माहीत आहे," मी म्हटलं.

मुलगी आता रांगते. दार आपटलं की इतर बाळांसारखी दचकून रडत नाही. आहे तिथे थांबते, जराही हलत नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना कौतुकानं सांगतात, "बघा किती शांत. गर्भसंस्काराचं बाळ आहे."