वलांडींची यादी पुसण्याआधी

आमच्या किनाऱ्यावर कोणाच्या वलांडी कुठे, हे कधी कोणी लिहून ठेवलं नव्हतं. वलांडी म्हणजे बोंबील वाळत टांगायचे बांबू. सासूची जागा सुनेला मिळते, एवढाच आमचा कायदा. मग किनाऱ्यालगत रस्ता करायचं ठरलं आणि पंचायतीने सांगितलं, सभेत जिचं नाव यादीत असेल तिलाच बदली जागा मिळेल. ती यादी माझ्या नणंदेने केली. ती तारापूरला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला जाते. दोन महिने दर रविवारी ती म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसली, त्यांचं बोलणं फोनमध्ये घेतलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर टाईप केलं. फोन भरला तसं बोलणं पुसत गेली. यादीची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये होती, एक पेनड्राइव्हमध्ये.

मी चौथी शिकलेली. कॉम्प्युटर चालू करणं, मेल उघडणं आणि कागद छापणं एवढं तिने मला शिकवलं होतं. त्या मंगळवारी कामावरून तिचा फोन आला, "वयनी, पंचायतीचा नमुना मेलवर येईल, तो छापून ठेव." मेल दोन आले होते. मी वरचा उघडला. त्यातली फाईल इंग्रजीत काहीतरी विचारत राहिली. मी होकाराचं बटण दाबलं. काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं.

भात उतरवून आले तर सगळ्या फायलींची चित्रं पांढरी झाली होती आणि प्रत्येक नावामागे अक्षरांचं एक शेपूट लागलं होतं. मग पडदाभर लाल पान आलं. इंग्रजी मला येत नाही, पण उलटं चालणारं घड्याळ कळलं.

आमच्यात एका टोपलीतल्या सुक्या मासळीला ओल धरली, की बाकीच्या टोपल्या लगेच उघडून बघतात. झाकून ठेवते ती बाई आळशी. त्याच सवयीने मी कपाटातला पेनड्राइव्ह काढला आणि तो चांगला आहे का, हे बघायला त्याच कॉम्प्युटरला लावला. यादी दिसली. जीव भांड्यात पडला. बघता बघता तिच्या नावालाही शेपूट लागलं. मी तो उपसला, पदराने पुसला आणि होता तिथे ठेवून दिला.

संध्याकाळी नणंदेला मी लाल पान दाखवलं, मेलचंही सांगितलं. पेनड्राइव्हचं सांगितलं नाही. तिने नेटची वायर काढली, पडद्याचा फोटो घेतला आणि "पेनड्राइव्ह हाय ना," म्हणून जेवायला बसली. तिचं ते निवांत जेवण बघून माझं तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली आणि आम्ही मशीन बोईसरला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बघत होता.

"फायलींना कुलूप लावलंय आणि चावीचे पैसे मागतायत," तो म्हणाला. "देऊ नका. दिले तरी चावी मिळेलच असं नाही. पोलिसांत सायबरची तक्रार करा."

"मग कुलूप तुमी काढा," नणंद म्हणाली.

"रोग काढतो, ताई. कुलूप माझ्याच्याने निघत नाही. काहींच्या चाव्या नेटवर फुकट मिळतात, याची अजून नाही. आता अख्खी डिस्क पुसून विंडोज नवं टाकतो. दुसरी कॉपी आहे ना?"

"हाय."

"नक्की? पुसलं की पुसलं. उद्या चावी आली तरी उघडायला काही उरणार नाही."

"घरी हाय, सांगितलं ना. पुसा."

मी दारात चपलांजवळ उभी होते. "नाय," म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणावं लागलं. "पुसू नका. पेनड्राइव्ह पण मी याला लावला. लाल पान आल्यावर."

त्याने हात मागे घेतला. "बरेच जण हेच करतात, मावशी. चांगलं आहे का बघायला जातात आणि तेही देऊन बसतात."

नणंद माझ्याकडे वळली नाही. "काल सांगायचंस ना, वयनी," म्हणाली. "मी दोन घास जास्त जेवले."

त्याने जुनी डिस्क काढून कागदात गुंडाळून दिली, नवी बसवली आणि मेलचा पासवर्ड बदलायला सांगितला. "ही जपा. अधूनमधून येऊन विचारा."

सभेला पाच दिवस होते. नणंदेला आणखी रजा नव्हती, म्हणून वही घेऊन मी निघाले. बावीस घरं होती. मी कोणाच्या घरी कामाशिवाय जात नाही, गेले तरी ओट्यावरून परतते. पहिल्या घरी सांगितलं, कॉम्प्युटर बिघडला. म्हातारी कोळंबी सोलत होती. "तुझ्या नणंदेने नीट ठेवलं नाय वाटतं," म्हणाली. "शिकलेल्यांचं असंच."

मी परत निघाले होते, पण खाली बसले. "तिने ठेवलं होतं. माझ्या हातून गेलं."

"मग तुझ्याच हाताने लिही," ती म्हणाली आणि कोळंबीचं अर्धं ताट माझ्याकडे सरकवलं.

उरलेल्या एकवीस घरांत मी आधी तेच सांगितलं. दोघी हसल्या, एकीने चांगलंच सुनावलं. रविवारी नणंदेने वहीच्या पानांचे फोटो काढले, ते दोन मैत्रिणींना पाठवले आणि मगच टाईप करायला बसली. एका म्हातारीला दोन महिन्यांपूर्वी सांगितलेलं आता सांगता येईना. तिच्या वलांडी कोणाच्या शेजारी, कधीपासून, काहीच नाही. तिच्या नावापुढे आम्ही 'जुनी जागा' एवढंच लिहिलं. सभेत त्यावर कोणी हरकत घेतली नाही.