रंगाच्या भांड्यातली गळती

मिलमधल्या मागांच्या खडखडाटानं ह्यांचे कान गेले होते. घरात ही गोष्ट कुणी बोलत नसे, कारण ती ह्यांनाच मान्य नव्हती. उलट मलाच म्हणायचे, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस? नीट बोल की." मी पण कमी नव्हते; मुद्दाम पुटपुटायची.

मिल सोडून ह्यांनी आमच्याच अंगणात मोटारी रंगवायचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि रंगाचं लोखंडी भांडं. भांड्यात पंपानं हवा भरायची की नळीतून रंगाचा फवारा उडे. न दिसणारी हवा एवढं काम करते, याचं मला भारी नवल. तव्यावर भाकरी टाकून मी बघायला जाई आणि भाकरी करपे.

एकदा प्रवासी मोटार रंगवायला आली आणि फवारा नुसता थुंकायला लागला. भांड्यातून कुठून तरी हवा निसटत होती. ह्यांनी माझ्याकडून रिठ्याचा फेस करून घेतला आणि सगळ्या सांध्यांना फासला. तोटीपाशी बुडबुडे आले. तिथं फट बुजवायला सफेद्याचा लेप लावून ताग गुंडाळल्यावर बुडबुडा कुठंच दिसेना.

"झालं बग," हे म्हणाले.

पण झाकणाकडून सूं सूं आवाज येतच होता. भांड्यावरचा दाबाचा काटाही उतरत होता. ह्यांनी काट्यालाच खोटं ठरवलं. मला कोडं पडलं. आवाज आहे, तर बुडबुडा का नाही? झाकणाच्या कडेला बोटभर फेस लावून पाहिला, तर तो उडून माझ्या गालावर आला. फट मोठी होती. बुडबुडा धरायच्या आतच फेस उडत होता. शोध लागल्याच्या आनंदात मी बोलून गेले, "अहो, केवढा आवाज येतूय, तुमाला ऐकू येत न्हाय व्हय?"

ह्यांनी मान फिरवली आणि काट्यावर टिचकी मारली. मी ह्यांचं बोट ओलं करून फटीपाशी धरलं. गार वारा लागला तसे ह्यांचे डोळे मोठे झाले.

हवा सोडून झाकण काढलं. आतलं चामड्याचं वायसर वाळून चिरलं होतं. ह्यांनी नवं कापलं, एरंडेलात भिजवून बसवलं आणि पुन्हा हवा भरली. या वेळी 'झालं' म्हणाले नाहीत. पंप खाली ठेवून माझ्याकडे वळले.

"थांबला का आवाज? मला न्हाय येत ऐकू."

"थांबला," मी म्हटलं. हे माझ्या ओठांकडे बघत होते.